वरची कोथिंबीर

भाजीवर चार काड्या कोथिंबीर फुकट मिळणं हा आपल्याकडे जवळजवळ मूलभूत हक्क आहे. घटनेत नसेल, मंडईत आहे. पैसे देऊन झाले तरी पिशवी उघडीच धरून उभं राहायचं आणि भाजीवालीनं कोथिंबीर, नाहीतर कढीपत्ता वर टाकायचा. नाही टाकला, तर दोनशे रुपये मोजताना न खट्टू झालेलं मन दोन रुपयांच्या पाल्यासाठी खट्टू होतं.

अर्थशास्त्रातल्या त्या आदर्श शहाण्या गिऱ्हाइकाला हे शोभणारं नाही. त्याला दोन रुपये म्हणजे दोनच रुपये. मेंदूचा हिशेब निराळा असतो, आणि त्याचा माग लागला माकडांमुळे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची हालचाल टिपत होते. अवचित रसाचा थेंब तोंडात पडला की पेशी तडतडायच्या. रसाआधी ठरावीक खूण मिळू लागली, माकडाला ती ओळखता आली, की पेशी खुणेलाच तडतडायच्या. प्रत्यक्ष रसाला ढिम्म. आणि खूण देऊन रस दिलाच नाही, तर नेमक्या रसाच्या वेळी त्या नेहमीपेक्षाही गप्प व्हायच्या. म्हणजे त्या रस मोजत नव्हत्या, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी ते मोजत होत्या. पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्यासह शुल्ट्झनी १९९७ साली हे मांडलं. माकडाच्या पेशींवरून मंडईतल्या गिऱ्हाइकाचं मन ओळखणं ही जरा लांबच उडी आहे, कबूल. पण रिकामी पिशवी धरून उभं राहिल्यावर ती मारावीशी वाटते.

खट्टू होण्यात रागही असतो, त्याचा धागा वेगळा. २००३ साली अॅलन सॅन्फी आणि सहकाऱ्यांनी माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून १० डॉलरच्या वाटणीचा खेळ खेळवला. समोरचा वाटणी सुचवणार. तुम्ही नाकारलीत तर दोघांनाही भोपळा. दहातला एकच डॉलर पुढे केला की कित्येकांनी तोही लाथाडला. अशा वेळी मेंदूतला इन्सुला नावाचा भाग जागा होई. किळस आणि वेदना यांच्याशीही त्याचा संबंध आहे. तशीच क्षुद्र वाटणी संगणकाने सुचवली, तर मात्र लोक ती अधिक वेळा मुकाट्यानं घेत. यंत्रावर कोण रुसणार?

मुंबईतल्या एक आई रुसल्या. मे २०२४ मध्ये ब्लिंकिट या घरपोच सामान देणाऱ्या अॅपवर कोथिंबिरीचे पैसे पडलेले पाहून त्यांना धक्काच बसला. मुलानं ट्विटरवर थेट कंपनीच्या प्रमुखांना आईची सूचना कळवली: ठरावीक भाजीवर कोथिंबीर फुकट द्या. आणि ती खरोखर मिळू लागली! सॅन्फींचा निष्कर्ष यानं मोडत नाही. रुसवा अॅपवर नव्हताच, त्यामागं बसलेल्या माणसावर होता.

पण फुकट कोथिंबिरीचा नियम झाला की तिची गंमत संपते. ऑर्डरमध्ये ती आधीच दिसते, म्हणजे खूण मिळाली, पेशी तडतडून मोकळ्या. आमच्या भाजीवालीला डोपामिन ठाऊक नाही, पण ती असा नियम होऊ देत नाही. कधी कढीपत्ता, कधी दोन लिंबं, कधी आल्याचा तुकडा. सगळं तोलून, हिशेब सांगून झाल्यावर, आपण वळणार एवढ्यात. माझ्या मते दुकानदारीतलं निम्मं कसब या उशिरात आहे.

पावसाळ्यात जुडीचे भाव कडाडले की ती आणखी एक करते. तराजूला हात लावायच्या आधीच बजावते, “ताई, आज कोथिंबीर मागायची नाही हं, परवडत नाही.” अपेक्षाच खाली आणून ठेवली, मग खट्टू कशावरून व्हायचं? आणि त्या दिवशी तिनं वर टाकलेल्या चार मिरच्या बोनस वाटतात.