एलपीचा गोडवा एकदा डिजिटलमध्ये उतरवून बघा

एलपीचा, म्हणजे काळ्या लाँग-प्ले रेकॉर्डचा, गोडवा डिजिटलमध्ये येतच नाही असं ज्यांना ठामपणे वाटतं, त्यांनी एक प्रयोग करावा. तीच एलपी कॉम्प्युटरवर १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सीडीच्याच मापाला, उतरवून घ्यावी आणि ती फाइल त्याच अँपवर, त्याच स्पीकरवर लावावी. गोडवा जसाच्या तसा येतो, सोबत खरखर आणि टिकटिकही येते. म्हणजे तो सुईतून, खाचेतून आणि रेकॉर्ड कापणाऱ्या इंजिनिअरच्या हातून तयार झालेला असतो. डिजिटलला तो पकडायला काहीच अडचण नाही.

आकड्यांचा वाद १९८२ सालीच मिटला. सोनी आणि फिलिप्सची सीडी त्या वर्षी बाजारात आली. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं ९६ डेसिबलचं अंतर मावतं; उत्तम दाबलेली, नवीकोरी एलपी ६०-७० डेसिबलवर थांबते. ४४.१ किलोहर्ट्झला २० किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं परत मिळतं, आणि चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक कानांना तेवढं वरचं ऐकूच येत नाही. डिजिटलची लाट पायऱ्यापायऱ्यांची असते, हे चित्र फार फिरतं. पण डीएसीच्या, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या चिपच्या, शेवटी फिल्टर असतो. तारेतून बाहेर येते ती गुळगुळीत लाटच.

मग लोकांना ऐकू येणारा फरक भ्रम असतो का? बऱ्याचदा नाही. फरक मास्टरिंगचा, म्हणजे छापण्याआधी आवाजावर फिरवलेल्या शेवटच्या हाताचा असतो. नव्वदच्या दशकापासून सीडीचा आवाज दाबून दाबून मोठा करायची टूम निघाली. त्यात तबल्याची थाप आणि मागचा तानपुरा जवळपास एकाच पातळीवर आले. जुन्या एलपीवर ही दाबादाबी कमी असते, म्हणून ती मोकळी वाटते. दोष सीडीचा नाही, ती बनवणाऱ्याचा. उलट बाजूने सांगायचं तर मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या एलपींमध्ये मधे डिजिटल टप्पा होता, हे २०२२ साली उघड झालं. तोवर भलेभले त्यांना शुद्ध अ‍ॅनालॉग म्हणून नावाजत होते.

एलपीच्याही मर्यादा आहेत आणि आपल्या गाण्याला त्या जास्त नडतात. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. जागा कमी, मजकूर तेवढाच. त्यामुळे आतल्या खाचांत आवाज फाटतो, ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे येतात. ख्यालाची एक बाजू आठवा: विलंबित बाहेर, द्रुत आत. ताना सुटतात त्या नेमक्या सर्वांत वाईट जागी.

तुलना करायचीच तर नीट करा. फोन आणि ब्लूटूथचा डबा एकीकडे, मोठे स्पीकर आणि एलपी दुसरीकडे, ही तुलनाच नव्हे. एलपी ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिटला उतरवा, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. त्याच गाण्याची सीडी शेजारी घ्या. दोन्हींना ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ लावून उणे २३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणा. ही पायरी गाळलीत तर सगळं फुकट, कारण जरा मोठा वाजणारा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. मग घरातल्या कुणाला तरी न सांगता अदलाबदल करायला लावा. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखलंत तर फरक खरोखर ऐकू येतो म्हणायला जागा आहे. टिकटिक ऐकून ओळखणं यात धरू नका. म्हणून एलपी आणि सीडीच्या आधी एलपी आणि तिचीच फाइल अशी जोडी लावणं बरं.

आता थोडं कटू. ज्याला आपण गोडवा म्हणतो तो पुष्कळदा बिघाड असतो. टर्नटेबलचा रबरी पट्टा सैल झाला की वेग उतरतो आणि गळा भारदस्त वाटू लागतो. तपासणं सोपं आहे: थाळीच्या कडेला कागदाची खूण चिकटवा, सुई रेकॉर्डवर ठेवा आणि तीन मिनिटं फेरे मोजा. बरोबर १०० भरले पाहिजेत. ९८ भरले तर सूर अर्ध्या स्वराच्या एक तृतीयांशाने खाली गेला. पेटी जुळवायला घेतली की लगेच कळतं. अमेरिकेहून आणलेला ६० हर्ट्झचा डेक असेल आणि मोटर विजेच्या फ्रीक्वेन्सीवर चालणारी असेल, तर आपल्या ५० हर्ट्झवर तो २७.८ फेऱ्यांनीच फिरतो. काळी एकमध्ये गायलेलं काळी पाचात उतरतं. पुली बदलणं हा त्याचा सरळ इलाज.

दुसरा बिघाड खास सोलापूरचा. यंत्रमागाच्या वस्तीत हवेत सुताची लव तरंगत असते. ती खाचेत बसते आणि सुईच्या टोकाला गोळा होते. मग वरचे सूर बोथट होतात आणि ऐकणारा म्हणतो, ‘काय मऊ आवाज आहे!’ दर बाजूआधी सुई मागून पुढे, रेकॉर्ड फिरते त्या दिशेने, ब्रशने झटका. आपला टॉवेल जगात कितीही नावाजलेला असो, रेकॉर्डला लावू नका. लव त्याचीच सुटते. मायक्रोफायबरचं फडकं घ्या. धुवायला बोअरचं पाणी तर नकोच, त्यातले क्षार खाचेत सुकतात आणि कायमची टिकटिक मागे लागते. बॅटरीच्या दुकानातलं एक लिटर डिस्टिल्ड वॉटर आणि बिनवासाच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब पुरतात. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून घ्या. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर रेकॉर्ड ठेवू नका, आणि कुठेही ठेवा, उभ्याच ठेवा. आडव्या चळतीत उन्हाळा काढलेली एलपी ताटासारखी वाकते.

जोडणीतली नेहमीची चूक म्हणजे मॅग्नेटिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या हालचालीची वीज करणारा भाग) थेट अँपच्या साध्या ऑक्स इनपुटमध्ये. तिच्यातून तीन ते पाच मिलिव्होल्टच येतात, शिवाय कापताना खर्ज सुमारे २० डेसिबल घटवलेला आणि वरचा भाग तेवढाच वाढवलेला असतो. हा फेरफार आरआयएए प्रीअँपच, म्हणजे रेकॉर्डसाठीचा ‘फोनो’ प्रीअँपच, सरळ करतो. अर्थची बारीक तार जोडली नाही तर ५० हर्ट्झची घूं ऐकत बसावं लागेल. जुन्या पेटीच्या प्लेअरमधली सिरॅमिक कार्ट्रिज मात्र ऑक्सलाच लागते. तिचं वजनही खाचेवर पाच-सहा ग्रॅम पडतं, चांगल्या मॅग्नेटिकचं दोनच्या आसपास. आवडती एलपी तिच्यावर घासू नये.

नाट्यसंगीताच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या घरात असतील तर त्यांचा हिशेब वेगळा. एलपीची सुई त्यांच्या रुंद खाचेच्या तळाला घासत जाते. त्यांना तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. आरआयएएचं वळण १९५४ नंतरचं, त्याआधीच्या तबकड्यांना ते जुळत नाही. त्या ज्या लाखेच्या असतात ते शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणून त्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावायचं नाही. स्टिरिओ कार्ट्रिजने उतरवून घ्या आणि मग दोन्ही चॅनेल मिळवून मोनो करा. गाणं आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीतली बरीचशी खरखर त्या बेरजेतच कटून जाते.