आजीने विचारलं, कितवा नंबर?

शनिवारी लेकीच्या शाळेत उंदोकाई होती. म्हणजे आपलं क्रीडासंमेलन. गेल्या वर्षापर्यंत ती तोक्योतल्या भारतीय शाळेत होती; एप्रिलपासून निशी-कासाईत, आमच्या भागातल्या सरकारी शाळेत, तिसरीत. त्यामुळे हे सगळं आम्हा दोघींनाही नवीन.

आधी खुर्च्यांबद्दल सांगते, कारण तीन दिवस झाले तरी त्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. सकाळी आत गेले तर मुलं वर्गातली आपापली खुर्ची उचलून जिन्यावरून मैदानात उतरत होती. पहिलीतलीसुद्धा. ना शिपाई, ना ढकलाढकली. कार्यक्रम संपल्यावर त्याच खुर्च्या परत निघाल्या, आणि दाराशी प्रत्येकाने फडक्याने चारही पाय पुसले, मगच आत. माझी लेक, जिला जेवल्यावर ताट उचल म्हणून तीनदा सांगावं लागतं, ती वाकून चौथ्या पायाची माती काढत होती. फोटोसाठी वर केलेला फोन मी तसाच खाली घेतला. घसा दाटून आला होता.

सगळ्या शाळेचे दोन गट, लाल आणि पांढरा. टोपी एकच: एका बाजूने लाल, उलटली की पांढरी. हे रंग बाराव्या शतकातल्या युद्धातले. तायरा घराण्याची निशाणं लाल, मिनामोतोंची पांढरी, आणि ११८५ मध्ये पांढरे जिंकले. लेक लाल गटात.

धावण्याच्या शर्यतीत ती सहा जणींत पाचवी आली. पण पहिली आणि ती यांच्यात जेमतेम चार पावलांचं अंतर. शेजारी उभ्या असलेल्या एका आईने समजावलं, की व्यायामाच्या तासाला आधी सगळ्यांची वेळ मोजून ठेवतात आणि साधारण सारख्या वेगाच्या मुलांना एकत्र पळवतात. कुणी एकटं मागे पडत नाही. मला मिरजेची शाळा आठवली. दहा वर्षांत संमेलनाच्या दिवशी मी एकदाही धावले नाही. निवड चाचणीत पहिल्याच फेरीत बाद, मग रांगेत मांडी घालून टाळ्या. वर्गातल्या साठांपैकी पन्नासेक जणांचं संमेलन म्हणजे टाळ्याच.

पण आमच्या सरांना मी दोष देणार नाही. एक मैदान, एक सर आणि हजारभर मुलं, त्यात त्यांनी कुणाकुणाची वेळ मोजायची? आणि खो-खो तर आम्ही सगळेच खेळलो. त्याला खुर्ची लागत नाही, टोपी लागत नाही, दोन खांब पुरतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. हे मी त्या आईला सांगितलंच. उंदोकाई तरी कुठे मूळची इथली आहे? १८७४ मध्ये तोक्योतल्याच त्सुकिजी भागातल्या नौदल शाळेत इंग्रज शिक्षकांनी ती सुरू केली. खुर्चीचे पाय पुसणं मात्र यांचं स्वतःचं, ते मान्य.

एक गोष्ट मला अजिबात आवडली नाही. तीन आठवडे सराव, त्यात निम्मा वेळ नुसता मैदानात कसं यायचं याचा. कुणाचा तरी पाय चुकला म्हणून सगळ्या वर्गाला पुन्हा मागे नेलं, त्या दिवशी ही घरी येऊन रडली. आठ वर्षांच्या मुलांना कशाला हवी इतकी शिस्त? त्या रात्री तिला भारतीय शाळेतून काढून चूक केली का, असं वाटत राहिलं. पण परक्या गावात राहायचं तर तिथल्या मुलांबरोबर तिनं वाढावं, हे माझं मत अजून तेच आहे.

पालकांची रस्सीखेच होती, त्यात मीही उतरले. सगळे "ओ-एस, ओ-एस" म्हणत ओढत होते, माझ्या तोंडून आपोआप "हैशा" निघालं. दोन-तीन हिसक्यांनंतर ताल जुळला. शेवटी पालकांनीच तंबू उतरवले, खांब मोजून कोठीत ठेवले.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. "कितवा नंबर आला गं माझ्या बाळाचा?"

"आजी, आम्ही हरलो," लेक म्हणाली. "पांढऱ्यांचे गुण जास्त झाले."

"ते राहू दे. तुझा नंबर?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. शर्यतीतला पाचवा नंबर ती खरंच विसरली होती.