हशा नटाचा, जुळणी लेखकाची

विनोदी पटकथालेखक व्हायचे आहे असे सांगणारी मुले हल्ली अंबाजोगाईपासून नांदेडपर्यंत भेटतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वहीत चुटक्यांचा भरपूर साठा असतो. साठा असायला हरकत नाही. परंतु गेली बरीच वर्षे दूरचित्रवाणीसाठी प्रहसने आणि मालिकांचे भाग लिहून घर चालवणारा माणूस म्हणून माझे मत असे झाले आहे की, चुटके सुचणाऱ्याला या धंद्यात पहिले काम मिळते आणि दुसरे काम प्रसंग रचता येणाऱ्यालाच मिळते.

यासाठी वसंत सबनीस यांची वाटचाल मुळातून पाहावी. ‘छपरी पलंगाचा वग’ या नावाने त्यांनी लिहिलेले लोकनाट्य पुढे ‘विच्छा माझी पुरी करा’ होऊन गाजले आणि त्यातल्या हवालदाराने दादा कोंडके हे नाव महाराष्ट्रभर पोहोचवले. १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ आला, तोही सबनीसांच्याच लेखणीतून. त्यानंतर सतरा वर्षांनी, १९८८ मध्ये, पुण्यातल्या भाड्याच्या खोलीभोवती फिरणारा ‘अशी ही बनवाबनवी’ त्यांनीच लिहिला. वग, ग्रामीण चित्रपट आणि शहरी प्रहसन या तिन्ही ठिकाणी एकच लेखक कसा चालला, याचे उत्तर मला वगातच सापडते. वगात नट ऐन वेळी काय वाढवील याचा नेम नसतो, म्हणून लेखकाला मुळातली गाठ इतकी पक्की मारावी लागते की, वरून कितीही भर पडली तरी ती सुटू नये. ‘बनवाबनवी’ची मूळ कल्पना ‘बीवी और मकान’ या १९६६ च्या हिंदी चित्रपटातली आहे, हे आता सर्वांना ठाऊक आहे. तरीही घरमालकीण जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून दोन पुरुषांनी बायका व्हायचे आणि मग प्रत्येक थाप निभावण्यासाठी पुढची थाप मारत राहायची, ही साखळी मराठी घरात, मराठी घरमालकिणीसमोर इतकी नेटकी बसवणे हे उसनवारीचे काम नव्हे. लोकांना त्यातली वाक्ये पाठ आहेत आणि ती अशोक सराफ व लक्ष्मीकांत बेर्डे यांची वाक्ये म्हणूनच पाठ आहेत. लेखकाने याचे वाईट वाटून घेऊ नये. वाक्य नटाचे वाटू लागले म्हणजे ते त्याच्या तोंडात नीट बसले.

दूरचित्रवाणीवर हीच गाठ दर आठवड्याला नव्याने मारावी लागते. हिंदीतले व्यंगकार शरद जोशी यांनी १९८४ साली दूरदर्शनसाठी ‘ये जो है ज़िन्दगी’ लिहिली, तेव्हा घर आणि माणसे ठरलेली होती, पण सतीश शाह प्रत्येक भागात निराळी व्यक्ती होऊन त्या घरात शिरत असत. ओळखीचे घर मोडायचे नाही आणि तरी रोज नवी अडचण आणायची, हा मालिकालेखकाचा नेहमीचा पेच या एका युक्तीने किती सोपा झाला असेल, याचा मला अजूनही हेवा वाटतो.

आताची व्यवस्था अधिक तुकड्यांत वाटलेली आहे. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे, असे दैनंदिन मालिकेत सर्रास चालते, आणि वर वाहिनीची क्रिएटिव्ह मंडळी असतात. प्रहसनांच्या कार्यक्रमात लेखकाला थोडी अधिक मोकळीक मिळते, कारण तिथे वाचन होते, तालीम होते आणि नट हसले नाहीत तर पान तिथल्या तिथे बदलता येते. मात्र, प्रेक्षकाला कळेल का, ही वाहिनीची शंका तिथेही पाठ सोडत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. आमच्या मराठवाड्यात बोअर घेण्याआधी पाणाड्या बोलावतात. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतात फिरतो आणि जिथे नारळ उभा राहील तिथे पाणी आहे असे सांगतो. याला शास्त्राचा आधार नाही, पण त्याच्या शब्दावर लोक लाखभर रुपये जमिनीत घालतात. मी असे प्रहसन लिहिले होते की, वाटणी झालेले दोन भाऊ आहेत, मध्ये बांध आहे आणि नारळ आपल्याच हद्दीत उभा राहावा म्हणून दोघांनीही पाणाड्याला एकमेकांच्या चोरून पैसे दिले आहेत. यात महत्त्वाचे एवढेच की, दोघांचेही पैसे देणे प्रेक्षकाने नारळ हातावर येण्यापूर्वी पाहिलेले असले पाहिजे. ते पाहिलेले असले की धाकटा भाऊ नुसते ‘दादा, नारळ उठला का?’ एवढेच विचारतो आणि सभागृह हसते. त्या वाक्यात स्वतःचा असा विनोद तिळभरही नाही. शेवटी नारळ नेमका बांधावर उभा राहतो आणि भांडण नव्याने सुरू होते.

वाहिनीकडून सूचना आली की, शहरातल्या प्रेक्षकाला पाणाड्या कळणार नाही, त्याऐवजी ज्योतिषी घ्यावा. वरवर पाहता बदल किरकोळ वाटतो. परंतु ज्योतिषाला ‘दोन महिन्यांनी योग आहे’ असे सांगून निसटता येते. पाणाड्याला निसटता येत नाही, कारण नारळ त्याच्या हातावर आहे आणि दोन्ही भाऊ त्याच्याकडे टक लावून पाहत आहेत. पात्राचा धंदा बदलला आणि त्याच्या गळ्याभोवतीचा फास सैल झाला. प्रहसन प्रसारित झाले, बऱ्यापैकी चाललेही, पण तालमीत आला होता तसा हशा त्याला आला नाही.

भाषेचेही असेच होते. पडद्यावरच्या खेडुताने जी बोली बोलायची असते ती तमाशापटांच्या काळापासून ठरून गेली आहे, त्यामुळे जालन्याचा शेतकरीही कोल्हापूरच्या रानात वाढल्यासारखा बोलतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि इथल्या बोलण्यात उर्दूची अदब अजून शिल्लक आहे. आमच्याकडचा माणूस समोरच्याची पुरती शोभा करतानाही सुरुवात आदरानेच करतो. आमच्या विनोदाचे मर्म या सुरात आहे, आणि सूर बदलला की शब्द तेच ठेवूनही हाती काही लागत नाही. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने बावन्न पात्रे उभी केली ती आपल्या मातीच्या बोलीतच, आणि मुंबई-पुण्याला ती समजावून सांगण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. अलीकडे ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमात मराठवाड्यातून आलेल्या अरविंद जगताप यांची पत्रे सागर कारंडे पोस्टमन होऊन वाचत, तेव्हा प्रेक्षकांनी पत्र कोणी लिहिले याची चौकशी केली. दूरचित्रवाणीवर असे क्वचित घडते.

पैशाविषयी थोडक्यात सांगतो, कारण मुले तेही विचारतात. मानधन भागावर ठरते आणि बहुधा प्रसारणानंतर दोन-तीन महिन्यांनी, दहा टक्के टीडीएस कापून हाती येते, त्यामुळे मुंबईत राहण्यासाठी किमान तेवढ्या महिन्यांची बेगमी असावी. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन संहितेची नोंदणी करावी, मगच ती कोणाला ऐकवावी. करारावर सही करण्यापूर्वी हेही वाचावे की, कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने लेखकाला स्वामित्वधनाचा जो हक्क दिला आहे, तो लेखकाला निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही. तरी तशी कलमे करारात आढळतात.

आता बीड, लातूर, परभणीकडची मुले यूट्यूबवर स्वतःच्या मालिका करू लागली आहेत. तिथे बोली अस्सल आहे, पाणाड्याचा ज्योतिषी करा म्हणणारे कोणी नाही आणि नटही गुणी आहेत. पण ज्याच्याकडे कॅमेरा तोच नायक आणि तोच लेखक, असे असल्यामुळे पहिली पाच मिनिटे झकास जातात आणि मग गोष्ट पुढे सरकत नाही. मला ते वाहिनीची ओळख काढून द्या म्हणतात. मी त्यांना आधी विद्यापीठाच्या युवक महोत्सवात चांगल्या एकांकिका लिहिणारा एखादा मुलगा किंवा मुलगी शोधायला सांगतो, तिला भागामागे ठरलेली रक्कम द्यायला आणि श्रेयनामावलीत तिचे नाव नटांच्या आधी टाकायला सांगतो. पैशाचे ते लगेच मान्य करतात. नावापाशी घोडे अडते.