क्रेडिट कार्डाचा अर्ज टाकण्याआधी

२०२४च्या नोव्हेंबरात आईला रात्री साडेअकराला नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात न्यावं लागलं. भरती करायला ४०,००० रुपये जमा करा म्हणाले. आम्हा नवराबायकोच्या खात्यांत मिळून १८,००० निघाले. वर्ध्याहून भावाने उरलेले पाठवले तेव्हा एक वाजून गेला होता. आई बरी होऊन घरी आली, पण त्या काउंटरसमोरचा दीड तास माझ्या मनातून गेला नाही. अशा वेळेसाठी घरात एक क्रेडिट कार्ड हवंच, हे मी तिथे उभ्या उभ्याच ठरवलं.

पुढच्याच रविवारी बर्डीवर गेले असताना टेबल मांडून बसलेल्या एका मुलाकडे फॉर्म भरला. आठ दिवसांत नकाराचा एसएमएस आला. मग मोबाइलवरून दुसऱ्या बँकेकडे अर्ज टाकला, चार दिवसांनी तिसरीकडे. तिन्हीकडून नकार. मी गांधीबागेत कापडाच्या एका होलसेल दुकानात बारा वर्षांपासून हिशेब बघते. लोकांची उधारी मी रुपयापर्यंत जुळवते आणि मलाच कुणी उधारीच्या लायक समजत नाही, हे फार लागलं.

शेजारचा मुलगा बँकेत आहे. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काकू, काहून एकामागून एक अर्ज टाकत बसल्या? आधी बघून तर घ्यायचं ना!" मग त्याने नीट समजावलं. कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना क्रेडिट ब्युरो म्हणतात. आपण पूर्ण अर्ज टाकला की बँक त्यांच्याकडून आपला अहवाल मागवते आणि त्या मागणीची नोंद अहवालात राहते. तिला एन्क्वायरी म्हणतात. थोड्या दिवसांत तीन-चार एन्क्वायऱ्या दिसल्या की या माणसाला पैशाची निकड आहे असं पुढच्या बँकेला वाटतं, स्कोअरही, म्हणजे आपल्या पतीचे गुणही, थोडा घसरतो. आपण स्वतः आपला अहवाल कितीदाही बघितला तरी स्कोअरला काही होत नाही. मला उलटंच वाटायचं, म्हणून मी आजवर तो उघडलाच नव्हता.

दुसरी गोष्टही त्यानेच सांगितली. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कार्ड नाकारलं तर कारण लेखी कळवावं लागतं. मला आलेल्या एसएमएसमध्ये 'अंतर्गत धोरणानुसार' एवढंच होतं. मी तिघांनाही ईमेल केला. एकाच बँकेने उत्तर दिलं: तुमच्या नावावर थकीत कर्ज दिसते.

थकीत? माझ्या नावावर?

आपल्याकडे सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार ब्युरो आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. मी सिबिलचा काढला. पॅन, जन्मतारीख, मोबाइलवरचा ओटीपी असं लागलं. पैसे भरायच्या योजना आधी समोर येतात, मोफत अहवालाची जागा जरा शोधावी लागते. स्कोअर ३०० ते ९००च्या दरम्यान असतो. माझा निघाला ६४८.

खाली खात्यांची यादी होती आणि त्यात माझी स्कूटर! २०१८ साली घेतलेलं ४८,०००चं कर्ज, शेवटचा हप्ता ऑगस्ट २०२१मध्ये भरलेला. अहवालात ते खातं चालू होतं, ५९० रुपये बाकी, आणि प्रत्येक महिन्यापुढे उशिराचे दिवस वाढत गेलेले. मी लोखंडी कपाटातली फाइल काढली. फायनान्स कंपनीची एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र, होती. तीच एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ घेऊन मी आरटीओत गेले होते आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढून घेतली होती. सरकारच्या दप्तरी स्कूटर माझी झाली होती आणि ज्यांना मी शेवटचा पैसा दिला त्यांच्याच नोंदीत मी साडेतीन वर्षं थकबाकीदार होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

सिबिलच्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. त्याला पैसे पडत नाहीत. फायनान्स कंपनीलाही एनओसी जोडून ईमेल केला. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे. ईमेलमध्ये मी तो मुद्दाम लिहिला. चोविसाव्या दिवशी खातं बंद दाखवलं गेलं, बाकी शून्य झाली. पुढच्या महिन्यात स्कोअर ७२९ दिसला.

आता कार्ड. यावेळी मी सुरुवात पगार जमा होतो त्या बँकेपासून केली. नेट बँकिंगमध्ये ऑफरचा भाग असतो. आपली उलाढाल त्यांच्यासमोरच असल्यामुळे कार्ड देण्यासारखं असेल तर ते तिथे आधीच दाखवतात. माझ्यासाठी एक कार्ड दिसलं, मर्यादा ६०,०००. तुलना करावी म्हणून दुसऱ्या एका बँकेच्या पानावर पात्रताही तपासली. मोबाइल, पॅन, जन्मतारीख, पिनकोड, नोकरी, हातात येणारा पगार एवढं विचारलं. उत्पन्नाच्या रकान्यात मी स्लिपवरचा हातात पडणारा आकडाच भरला. वाढवून लिहिला तर पुढे पगाराची स्लिप मागतात तेव्हा अडतं. पिनकोडही उगाच विचारत नाहीत, काही कार्डं ठरावीक भागांतच देतात.

सगळ्यात जास्त वेळ मी संमतीच्या बारीक अक्षरांवर घालवला. तुम्हीही घालवा. पात्रता बघताबघता तेच पान हळूच पूर्ण अर्जात शिरतं. आधार, व्हिडिओ केवायसी (व्हिडिओ कॉलवर ओळख पटवणं) किंवा 'अर्ज सादर करा' असं आलं की समजायचं, आता एन्क्वायरी पडू शकते. दुसऱ्या बँकेच्या पानावर मी तिथेच थांबले. 'पात्र' लिहून आलं म्हणजे कार्ड मिळालं असंही नाही. पत्ता आणि उत्पन्न तपासून झाल्यावरच नक्की होतं.

शेवटी पगाराच्या बँकेतच अर्ज केला, एकच. पत्त्याच्या पडताळणीचा फोन आला, नऊ दिवसांनी कार्ड घरी आलं. बाकी ठेवली तर महिन्याला ३.५ टक्के व्याज आहे, म्हणजे वर्षाला ४२. म्हणून ते कार्ड बाजाराच्या पिशवीत जात नाही, आईच्या दवाखान्याच्या फाइलमध्ये ठेवलं आहे.

यांनी त्यांच्या मित्राच्या टेम्पोच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली आहे. जामिनाचं कर्जही आपल्या अहवालात येतं, हे मला आता कळलंय. येत्या रविवारी यांचं पॅन कार्ड घेऊन बसणार आहोत.