आबांचं नख

मेलबर्नला जानेवारीत शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते आणि आमच्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. मी इथे स्टंट स्कूटर दुरुस्त करते. पेट्रोलची नव्हे, पायाने ढकलायची. पोरं जिच्यावर उड्या मारतात, हवेत हँडल गरकन फिरवतात ती.

त्या दिवशी अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा आला, सोबत त्याचे आजोबा. मुलगा इंग्रजीत सुरू झाला: नवा हँडलबार हवा, टायटॅनियमचा, उंच. आजोबा शेजारी उभे राहून माझ्या छातीवरच्या नावाच्या बिल्ल्याकडे बघत होते. "पोरी, तू कुठली गं?" सांगलीची म्हटल्यावर त्यांचा चेहराच उजळला. ते कोल्हापूरचे. शिरोली एमआयडीसीत चौतीस वर्षं वेल्डर होते. तीन महिन्यांसाठी लेकाकडे आले होते.

मुलाने निवडलेला बार बाहेरून 34.9 मिलिमीटर जाडीचा होता. त्याच्या स्कूटरचा क्लॅम्प, म्हणजे बार आवळून धरणारं कडं, 31.8 चा. बसणारच नाही. बसवायचाच तर क्लॅम्प आणि आतली सगळी जोडणी बदलावी लागते, म्हणजे बारच्या वर आणखी खर्च. गिऱ्हाईक बारचा रंग आणि वजन बघून येतं, पण पहिला प्रश्न जाडीचा असतो. दुसरा चिरेचा. याच्या स्कूटरला खालच्या टोकाशी उभी चीर असलेला बार लागतो: क्लॅम्प आवळला की चीर मिटते आणि बारच्या आत शिरलेली, पुढच्या चाकाला जोडलेली नळी घट्ट धरली जाते. हे मी मुलाला समजावत होते तेवढ्यात आबांनी त्याचा जुना बार हातात घेतला.

जुना बार ॲल्युमिनियमचा होता. "थोडा हलतोय," एवढीच मुलाची तक्रार. वाढदिवस पुढच्या महिन्यात, तोवर हाच चालवेन, आत्ता फक्त बघून ठेवायला आलोय, असं तो म्हणत होता. दुपारी मित्रांबरोबर रिव्हरस्लाइडला, इथल्या स्केटपार्कला, जायचं होतं.

आडवी नळी उभ्या नळीला जिथे जोडलेली असते, तिथे मुलाने स्टिकर चिकटवला होता. आबांनी तो सोलला आणि अंगठ्याचं नख जोडावरून हळूच फिरवलं. नख एका जागी अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच अडकलं. "हितं बघ." मी दिवा जवळ आणला. वेल्डच्या कडेने केसाएवढी काळी रेघ.

माझ्या पोटात गोळा आला. स्कूटर टेबलावर घेतली तेव्हा मी क्लॅम्प तपासला होता, बेअरिंग तपासलं होतं, पण स्टिकर काढायचं मला सुचलं नव्हतं. हलणाऱ्या हँडलचं कारण दहातल्या नऊ वेळा क्लॅम्पच्या ढिल्या बोल्टांत सापडतं, म्हणून आपण तिथेच थांबतो. आता मी स्टिकर आधी सोलते.

आबा मुलाला म्हणाले, "बाळा, पोलाद बहुतेक वेळा आधी वाकतं. ॲल्युमिनियम लई वेळा न सांगता तुटतं." मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला तेच इंग्रजीत सांगितलं. तो गप्प झाला. टायटॅनियमचा विषय तिथेच संपला आणि आबांनी वाढदिवसाची वाट न बघता खिशात हात घातला.

आम्ही क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मोलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचा बार घेतला, 31.8 जाडीचा. वजनाने जड, पण या मुलाला आत्ता तोच योग्य. आबांना उंची मोठीच हवी होती: "वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षी पुरेल." शाळेचा गणवेश घेताना आपण तेच करतो. पण उंच बार घेऊन मूल खांदे वर ओढून चालवतं, आणि हँडल फिरवताना तोल जातो. मी मुलाला बूट घालून स्कूटरच्या फळीवर उभं केलं. हात सैल सोडायला लावले. मुठी कंबरेशी यायला हव्यात. त्याच्या बरगड्यांशी येत होत्या. बार 620 मिलिमीटरचा होता. मी खालच्या टोकापासून 40 वर खूण केली. आबा म्हणाले, "40 नको, 30 काप. कापलेलं परत जोडता येत नाही." मी 30 कापले, पुन्हा उभं केलं, आणि मग दोघांच्या संमतीने उरलेले 10.

पाइप कटरने कापलं की नळीची कड आत वळते, मग आतली नळी शिरत नाही. ती कड आबांनी स्वतः कानशीने काढली. मी नको म्हणत होते, पण त्यांचा हात कानशीवर असा बसला की मी बाजूला झाले. खालचं टोक कापल्यावर चीर पुन्हा पाडावी लागते. तिच्या वरच्या टोकाला आधी ड्रिलने भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे फाटत नाही, आणि मग करवतीने खालपर्यंत कापलं. शेवटी मुठींच्या टोकांना प्लग. त्याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. उघडी नळी पडताना पोटात घुसते.

आधी वरचा बोल्ट, मग क्लॅम्पचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. पुढचं चाक गुडघ्यांत धरून बार हलवून पाहिला. काही हललं नाही. मुलगा दुकानाबाहेरच्या फरशीवर चकरा मारायला लागला.

आबा मात्र जुन्या बारपाशीच उभे. "हा असा भंगारात टाकू नकोस. कुणीतरी उचलील आणि बसवील." तो बार शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट धरला आणि मी दोन्ही हातांनी एका बाजूला ओढलं. फार जोर लावावाच लागला नाही. कट्कन तुटला. तुटलेल्या तोंडाचा थोडासाच भाग ताजा, चकचकीत होता. बाकीचा काळपट, अर्ध्याहून जास्त. म्हणजे तेवढा आधीच तडकलेला होता.

आबांनी तो तुकडा उचलला, दारापर्यंत गेले आणि नातवाला हाक मारली.