माहिती मोबाईलवर आहे, मग सोबत कशाला?

"सगळी माहिती मोबाईलवर मिळते, मग घरातली पहिलीच म्हणून कॉलेजला जाणाऱ्या पोरांच्या मागं तुम्ही एवढ्या का लागता?" हे मला कायम विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

फॉर्म भरताना मी शेजारी बसते. माहिती शोधण्यात पोरं आपल्यापेक्षा फास्ट असतात, अडतात ती पालकांच्या उत्पन्नाच्या रकान्यात. आईला कधी काम मिळतं कधी नाही, मग आकडा कुठला टाकायचा, चुकला तर फॉर्म बाद होईल का, आणि विचारायचं कुणाला, घरात असला फॉर्म कुणी बघितलेलाच नाही. मग 'उद्या बघू' म्हणून फोन बाजूला ठेवला जातो, शेवटची तारीख निघून जाते आणि लोक म्हणतात पोरीला शिकायचंच नव्हतं. याचा मला फार राग येतो.

अमेरिकेत यावर एक प्रयोग झालाय, 2012 साली प्रसिद्ध झाला. कमी उत्पन्नाची कुटुंबं टॅक्सचे कागद करायला आली की तिथंच त्यांचा शिक्षणाच्या आर्थिक मदतीचा फॉर्म सोबत बसून भरून दिला. पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणारी त्यांची मुलं 28 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेली. ज्यांना नुसती माहिती दिली त्यांच्यात फरक पडला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

आणि अ‍ॅडमिशन झाली म्हणजे संपलं असंही नाही हो. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या युरी ट्राइसमन यांनी बघितलं, कॅल्क्युलसमध्ये, म्हणजे कॉलेजच्या सुरुवातीच्या अवघड गणितात, मागं पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनत भरपूर करायचे पण एकेकटे, तर चिनी वंशाची मुलं अभ्यास झाला की एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासायची. मग त्यांनी गट करून मुद्दाम अवघड गणितं सोडवायला दिली, सोपी नाही, आणि मार्क सुधारले. एकट्या पोराला कमी मार्क पडले की त्याला वाटतं हे आपलं कामच नाही, गटातल्याला कळतं की हे सगळ्यांनाच जड जातंय.

म्हणून पहिल्या परीक्षेचा निकाल लागला की मी फोन करतेच, आणि त्याच कोर्सच्या एखाद्या सीनियरशी आधीच ओळख करून देते, कारण रात्री अकराला पोरं मला नाही विचारणार, त्याला विचारतील.