गंगाबलच्या काठावर कुशावर्ताची बाटली

तंबूत झोपायची मला हौस नाही, हे आधीच सांगून टाकते. शनिवार-रविवारी भावली आणि वैतरणाच्या बॅकवॉटरला तंबूंची जी जत्रा भरते, ती बघून उरलीसुरली इच्छाही गेली होती. रंगीत दिव्यांच्या माळा, बार्बेक्यूचा धूर, मध्यरात्रीपर्यंत स्पीकर आणि या सगळ्याला म्हणायचं निसर्गसान्निध्य. त्यामुळे धाकट्या नणंदेनं काश्मीरमधल्या गंगाबल तलावाचं काढलं तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "तिथं स्पीकर असतो का?" "छे गं वहिनी, तिथं रेंजसुद्धा नसते," ती म्हणाली. रेंज नव्हतीच. स्पीकर होता.

आमच्याबरोबर नणंदेचे यजमान होते, ते भूगोलाचे शिक्षक. आणि होते पंचवटीतले काका, माझ्या सासऱ्यांचे बालमित्र. पासष्टी उलटली तरी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी चुकवत नाहीत. येण्यासाठी त्यांची अट एकच होती, आधी फेरी आणि मग काश्मीर. म्हणून तारखा पुढे ढकलल्या. रात्रभर पावसात 20 किलोमीटर चालून, त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्त कुंडावर डोकं भिजवून काका घरी आले आणि चारच दिवसांत बॅग भरून आमच्या दारात उभे राहिले. बॅगेत काय काय आहे, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

नाशिकहून मुंबई गाठताना कसारा घाटात एक ट्रक आडवा झाला होता. विमानानं मुंबईहून श्रीनगरला जायला लागला त्याहून जास्त वेळ आम्ही त्या ट्रकमागे काढला. दल सरोवर, शिकारा, केशराची दुकानं यांवर इतक्यांनी इतकं लिहून ठेवलंय, की मी तो भाग सोडून देते.

कंगनवरून वर नारानागला पोचलो. तिथं आठव्या शतकातल्या, ललितादित्याच्या काळातल्या मानल्या जाणाऱ्या मंदिरांचे अवशेष आहेत. अंजनेरीच्या पायथ्याची पडकी देवळं बघितलेल्या माणसाला ते दगड परके वाटत नाहीत. शेजारी दगडी बांधणीचं कुंड आहे. त्यात झऱ्याचं पाणी येत राहतं आणि तळातला खडान् खडा दिसतो. काका त्या कुंडापाशी बसले ते उठेचनात. "सूनबाई, तळ दिसतोय बघ," एवढंच दोनतीनदा म्हणाले.

मग चढण. आमची कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे महाराष्ट्राचा माथा. नारानाग, जिथून चढायला सुरुवात होते, तेच 2000 मीटरच्या वर आहे. पहिले काही तास पाइन आणि फरच्या दाट जंगलातून वाट अंगावर येते. जावईबापू (नणंदेच्या यजमानांना काकांनी ठेवलेलं नाव, मग सगळ्यांच्याच तोंडी बसलं) दर वळणावर झाडं दाखवत होते. वर वर जाताना सूचिपर्णी झाडं विरळ होत जातात, पांढऱ्या सालीचे भूर्ज दिसायला लागतात आणि मग झाडंच संपतात. मला धाप लागली होती, त्यामुळे भूर्जापेक्षा पुढच्या घोड्याची शेपटीच जास्त आठवते. लष्कराच्या चौकीवर आधार कार्डं दाखवली. तिथल्या जवानानं पत्ता वाचून विचारलं, "नाशिक? अंगूर वाला?" काकांना फार आनंद झाला.

पहिला मुक्काम त्रुनखोलला, जंगलाच्या वरच्या कडेला. गुज्जर-बकरवालांचे लाकूडमातीचे कोठे, मेंढ्या आणि रात्रभर भुंकणारी कुत्री. झोप लागली नाही, पण तक्रार नाही. तक्रार आहे ती टॉयलेट टेंटबद्दल. एक खड्डा, भोवती कापड, आणि चेन अर्ध्यात अडकलेली. 'हिमालयाच्या कुशीत' वगैरे लिहिणाऱ्या पुरुषांनी हा तपशील नेहमी का गाळलेला असतो, ते तिथं कळलं. बायकांनो, जाताना मोठी ओढणी न्या.

दुसऱ्या दिवशी नंदकोल. हरमुखच्या (5142 मीटर) अगदी पायाशी हा लहान तलाव, आणि थोडं वर चढून गेलं की मोठा गंगाबल, साधारण 3570 मीटरवर, अडीच किलोमीटर लांब. हिमनदीचं पाणी आधी गंगाबलमध्ये, तिथून ओढ्यानं नंदकोलमध्ये, तिथून वांगथ नाल्यानं खाली सिंध नदीला (ही सिंधू नव्हे) आणि पुढे शादीपूरपाशी झेलमला. जावईबापूंनी आणखी सांगितलं, की 1856 मध्ये माँटगोमेरी नावाच्या इंग्रज सर्वेक्षकानं याच हरमुखवर दुर्बीण लावली, दोनशे किलोमीटरहून लांबची दोन शिखरं टिपली आणि वहीत त्यांना के1 आणि के2 असे नंबर दिले. के1 चं स्थानिक नाव माशरब्रुम आहे हे नंतर कळलं, के2 मात्र नंबरावरच राहिलं. एवढ्या मोठ्या शिखराला नंबरावर भागवलं, याचं नणंदेला वाईट वाटलं.

आमचा खानसामा खालच्याच गावातला, तिशीतला पोरगा. बोलायला गोड, पण पाण्याच्या बाबतीत पक्का खडूस. या उंचीवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून त्यानं राजम्यासाठी घोड्यावरून कुकर वर आणला होता. जेवण झाल्यावर नणंद सवयीनं ताटं घेऊन ओढ्याकडे निघाली, तर हा धावत आडवा आला. ओढ्यापासून बरंच लांब त्यानं खड्डा खणला होता. खरकटं पाणी तिथंच टाकायचं, भांडी राखेनं आणि मातीनं घासायची. लिक्विडची बाटली त्यानं नणंदेच्या हातातून चक्क काढून घेतली. थंड पाण्यात साबण लवकर जिरत नाही आणि इथलं पाणी अजून निवळ आहे, असं त्याचं म्हणणं. काका खूश. "माझी आई राखेनंच घासायची," म्हणत स्वतः दोन पातेली घासायला बसले.

मग तो स्पीकर. ओढ्यापलीकडे आपल्याच महाराष्ट्रातला एक मोठा ग्रुप उतरला होता. संध्याकाळी हरमुखवर ऊन तांबडं झालं आणि यांनी ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं. तीन हजार मीटरच्या वर येऊन ढोल-ताशा! मी ह्यांना म्हटलं, जाऊन सांगा. हे म्हणाले, "कशाला, आपलीच माणसं आहेत." हे कारण मला आजतागायत समजलेलं नाही. शेवटी बॅटरी संपली तेव्हा थांबलं.

सकाळी गंगाबलला गेलो. काश्मिरी पंडितांचं हे मोठं तीर्थ. आपल्याकडे रामकुंडात अस्थी नेतात, तसे ते लोक पिढ्यान् पिढ्या अस्थी इथं वर आणत. भाद्रपदातल्या शुद्ध अष्टमीला इथली यात्रा असते. काकांना हे सगळं आधीपासून माहीत होतं, म्हणूनच ते आले होते. काठावर पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या, बॅगेतून पंचाची घडी काढली, साबणाची वडी काढली (ती खानसामानं न बोलता उचलून खिशात घातली, काकाही न बोलता बघत राहिले) आणि शेवटी काढली कुशावर्ताच्या पाण्यानं भरलेली लिटरची बाटली. फेरीच्या दिवशी भरलेली. गोदावरीचं तीर्थ गंगाबलमध्ये वाहायचं, गंगाबलचं घरी न्यायचं, असा बेत त्यांनी मनाशी धरला होता. काशीचं पाणी रामेश्वरला नेतात, त्यातलाच प्रकार. मला तो बेत फार आवडला. मी मोबाइल काढला.

झाकण उघडताच खानसामा पुढे झाला. "चाचा, ये क्या डाल रहे हो?"

"तीर्थ है बेटा. त्र्यंबकेश्वर का. हमारी गोदावरी वहीं से निकलती है."

त्यानं अदबीनं बाटली मागून घेतली आणि सूर्याकडे धरली. श्रावण, फेरीची गर्दी, त्यानंतर बंद बाटलीत गेलेले दिवस. पाण्याला हिरवट झाक आली होती आणि तळाशी बोटाच्या पेराएवढा गाळ बसला होता. मागे गंगाबल इतका निळा, की डोळ्यांना टोचावा.

"ये आप पीते हो?" त्यानं विचारलं.

आवाजात टिंगल नव्हती. खरंच विचारत होता.

काका म्हणाले, "तीर्थ है."

"हाँ चाचा, पर पीते हो? नीचे मेरा गाँव है. ये जो पानी है ना, यही घर के मटके में जाता है."

कुणीच काही बोललं नाही. जावईबापू बुटाची नाडी बांधायला वाकले, ती बांधलेलीच होती. मला त्या पोराचा राग आला. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि म्हणूनच आला. रामकुंडावर इतकी वर्षं येणं-जाणं आहे, दशक्रियेला उभी राहिलेय, 'येथे कपडे धुऊ नयेत' या पाटीखाली कपडे आपटणाऱ्या बायांच्या शेजारून दिवाळीत दिवे सोडलेत. पात्रातलं काँक्रीट काढा म्हणून शहरात किती वर्षं ओरड चाललीय, तीही वाचते. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, म्हणजे पुन्हा घाट, पुन्हा सिमेंट. पण हे पाणी तुम्ही पिता का, असं सरळ आम्हाला कधी कुणी विचारलं नव्हतं. आणि विचारणारा कोण, तर हरमुखच्या खालचा एक खानसामा.

काकांनी बाटली परत घेतली. नीट उभे राहिले, पूर्वेकडे तोंड केलं आणि मी "काका, नको" म्हणेपर्यंत घटाघटा चार घोट पिऊन मोकळे. मिशा पुसल्या. "पीता हूँ," म्हणाले.

खानसामाचं तोंड बघण्यासारखं झालं. मग तो हसायला लागला. काकांनी बाटली त्याच्यापुढे धरली तर दोन्ही हात जोडून म्हणाला, "नहीं चाचा, आपका है, आपको मुबारक." काकाही हसले, पण तलावात ओतायचा हट्ट मात्र त्यांनी सोडला. उरलेल्याचं काय करायचं यावर पुन्हा जुंपली, कारण त्या पोरानं भांड्यांच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. "तीर्थ मी खरकट्यात ओतू?" काकांचा आवाज असा चढला, की पलीकडचा ढोल-ताशावाला ग्रुप बघायला आला. शेवटी दोघं मिळून उताराच्या उलट बाजूला, पाण्यापासून चांगलं लांब, एका जुनिपरच्या झुडपापाशी गेले. काका मंत्र म्हणत ओतत होते, खानसामा टोपी काढून शेजारी उभा होता. तो फोटो माझ्याकडे आहे, पण काकांनी कुठं टाकायचा नाही म्हणून बजावलंय.

मग काकांनी बिनसाबणाची डुबकी मारली. एकच. बाहेर आले ते निळे पडून. खानसामानं स्वतःचा फिरन त्यांच्या अंगावर टाकला आणि आमच्या वाट्याचा सगळा चहा त्यांना पाजला.

रात्रभर आम्ही काकांच्या पोटाची काळजी करत जागे. काकांना काहीही झालं नाही. ओढ्यातला ताजा ट्राउट खाल्लेल्या जावईबापूंना मात्र त्या अर्धवट चेनच्या टॉयलेट टेंटकडे बॅटरी घेऊन पळापळ करावी लागली. तो मासा मुळात इंग्रजांनी आणून सोडलेला, अशी माहिती त्यांनीच जेवताना दिली होती.

परतीचा प्रवास उतरणीचा, गुडघ्यांचा आणि कंटाळ्याचा. रिकामी बाटली काकांनी गंगाबलच्या पाण्यानं भरून टॉवेलात गुंडाळून आणली. नाशिकला आल्यावर शनिवारी ते पंचपात्र-पळी घेऊन आमच्या सोसायटीत हजर. दारोदार जाऊन प्रत्येकाच्या तळहातावर एकेक पळी. पाणी अजून इतकं नितळ, की पंचपात्र रिकामं आहे असं वाटावं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी हात पुढे केला, मग जरा मागे घेतला.

"काका, उकळलंय ना?"

"उकळलेलं हवं असेल तर नळाचं घ्या," काका म्हणाले आणि त्यांनी पुढच्या दाराची बेल दाबली.